दोन चटयांची खोली

जपानमध्ये क्योतो शहराजवळ यामाझाकी येथे ‘ताइआन’ हा सोळाव्या शतकातील चहाकक्ष आहे. झेन परंपरेत मुरलेले चहाचार्य सेन नो रिक्यू यांनी तो उभारला, असे मानतात. बसण्याची जागा दोन तातामी चटयांएवढी, म्हणजे सुमारे ४० चौरस फूट. मातीच्या भिंती, कागदी तावदानांतून झिरपणारा मंद प्रकाश आणि एक कोनाडा, एवढेच. दार जेमतेम अडीच फूट उंच. अशा दारातून सरदारालाही तलवार बाहेर ठेवून, वाकूनच आत जावे लागे. रिक्यूंचे आश्रयदाते हिदेयोशी यांनी सोन्याने मढवलेला चहाकक्षही करवून घेतला होता. परंतु पुढील पिढ्यांनी आदर्श मानला तो हा मातीचा.

हे वाचल्यावर घरातील सामायिकाच्या खोलीचा आराखडा मी पुन्हा काढला. संगमरवर, नक्षीदार छत, दिव्यांची आरास; पाहुण्यांनी पाहावे, हाच बहुतेक रकमांमागचा हेतू दिसला. बँकेत आयुष्यभर इतरांच्या कर्जाचे हेतू तपासले. स्वतःच्या खर्चाचा तपासायचा राहिला होता.

तो आराखडा बाजूला ठेवून अडगळीची खोली रिकामी केली. भिंतींना चुना, जमिनीवर कटासणे, खिडकीला साधा पांढरा पडदा. तलवारीच्या जागी आता मोबाइल दाराबाहेर राहतो. दोन घटिकांच्या, म्हणजे ४८ मिनिटांच्या सामायिकास याहून अधिक काही लागत नाही.

अडगळीतील निम्म्या वस्तू गरजूंना दिल्या. उरलेल्या अजून माळ्यावर आहेत. त्यांचा मोह सुटलेला नाही, हे कबूल केले पाहिजे.