पावसाचा अंदाज वाचावा कसा?

आषाढ लागला की पुण्या-मुंबईच्या पेढ्यांवर रविवारच्या सहलीचे बेत शिजू लागतात. लोणावळ्याला जायचे, भुशीच्या पायऱ्यांवर वाहत्या पाण्यात बसायचे, परतताना चिक्कीची खोकी घ्यायची, हा क्रम अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गाडी ठरते, डबे ठरतात, चौविहाराच्या आत घरी पोहोचण्याची वेळही ठरते. हवामानाचा अंदाज मात्र सर्वांत शेवटी पाहिला जातो, आणि तोही ‘पाऊस आहे ना?’ एवढ्यापुरताच. गुलमर्गला बर्फावर खेळायला जाणारा माणूस बर्फ किती साचले, ताजे किती पडले, वारा कसा आहे, याची चौकशी करतो. लोणावळ्यात पाऊस हाच सहलीचा हेतू असल्याने जितका पाऊस अधिक तितका आनंद अधिक, असा सोपा हिशेब मांडला जातो.

हा हिशेब कसा चुकतो, ते ३० जून २०२४ च्या रविवारी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. भुशी धरणामागील धबधब्याच्या प्रवाहात उभ्या असलेल्या एकाच कुटुंबातील पाच जणांना वाढत्या लोंढ्याने ओढून नेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने मावळातील धबधबे व धरणांच्या परिसरासाठी प्रतिबंधात्मक आदेश काढले. आदेश आवश्यकच होते. परंतु पाण्यात पाऊल घालायचे की नाही, हा निर्णय अखेर घरच्या कर्त्या माणसालाच घ्यावा लागतो. त्यासाठी अंदाजाची भाषा समजली पाहिजे.

प्रथम भूगोल. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त नैर्ऋत्य वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडून वर चढतात. वर चढता चढता हवा थंड होते, बाष्पाचे पाणी होते आणि घाटमाथ्यावर कोसळते. सुमारे ६२० मीटर उंचीवरील लोणावळा नेमके या भिंतीच्या माथ्यावर वसले आहे. तेथे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जेमतेम पासष्ट किलोमीटरवरील पुण्यात सातशेच्या आसपास. तळेगाव येईपर्यंतच जोर बराच ओसरलेला असतो. म्हणून पुण्यातील गच्चीवरून आकाश पाहून लोणावळ्याचा अंदाज बांधणे, म्हणजे एका बाजाराच्या भावावर दुसऱ्या बाजारात खरेदी करणे होय. हवामान खाते पुणे जिल्ह्याच्या घाट परिसराचा इशारा वेगळा देते, तो याच कारणाने. लोणावळ्यासाठी पाहायचा तो हाच.

आता शब्दांचे अर्थ. खात्याच्या परिभाषेत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार पाऊस. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असे मोजतात. ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दाने तर पुष्कळांची फसगत होते. तुरळक म्हणजे थोडा पाऊस नव्हे. तो शब्द ठिकाणांची संख्या सांगतो, पावसाचा जोर नव्हे. ‘तुरळक ठिकाणी अति मुसळधार’ याचा अर्थ असा की, थोड्याच जागी पडेल, पण जेथे पडेल तेथे प्रचंड पडेल. ती जागा बहुधा घाटमाथाच असते.

रंगांचेही तसेच. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे सुरक्षिततेसाठी तत्काळ कृती करा. कुटुंबाने आपला नियम आधीच ठरवून ठेवावा: घाटासाठी नारिंगी किंवा लाल असेल तर सहल पुढे ढकलायची, पिवळा असेल तर जायचे, पण प्रवाहात उतरायचे नाही.

आकड्यांचा धाक वाटत नसेल तर थोडे गणित करावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. धबधब्यामागे केवळ एक चौरस किलोमीटरचा डोंगर असला आणि तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर अडीच कोटी लिटर पाणी त्या उतारावर येते. जुलैपर्यंत माती भिजून तृप्त झालेली असते आणि खाली काळा कातळ; त्यामुळे त्यातील फारच थोडे मुरते. उरलेले ओढ्यात उतरते. पाऊस वर डोंगरात पडतो, लोंढा मात्र खाली येतो, जेथे कदाचित रिमझिमही नसते.

म्हणून अंदाज एकदा पाहून भागत नाही. आदल्या रात्री दिवसाचा इशारा पाहावा, सकाळी निघताना पुन्हा पाहावा, आणि तेथे पोहोचल्यावर पुढील तीन तासांचा तात्कालिक इशारा पाहावा. खात्याच्या ‘मौसम’ अ‍ॅपवर ही माहिती मिळते. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आहे. मोबाइलला रेंज नसेल तर डोळे-कान आहेतच. स्वच्छ पाणी गढूळ झाले, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, वरून येणारा आवाज वाढला, की सामान सोडून, मुलांचा हात धरून त्याच काठावर उंच चढावे. दुसऱ्या काठावर राहिलेली चप्पल आणायला कोणी जाऊ नये.

अवघड असते ते नाही म्हणणे. हॉटेलचा इसारा दिलेला असतो, मुले हिरमुसतात, पाहुणे सुरतेहून आलेले असतात. परंतु माल सदोष दिसताच इसारा सोडून सौदा मोडणारा व्यापारी भित्रा ठरत नाही. त्याने मोठे नुकसान टाळलेले असते. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवून एका जागी राहतात. पावसाळ्यात थांबण्यात कमीपणा नाही, हे या घरांना नव्याने शिकवावे लागत नाही. भुशीचे पाणी श्रावणातही वाहते. तेव्हा उन्हाची तिरीप असते, गर्दी थोडी कमी असते, आणि चिक्की तीच असते.