वचन मोडलं, तर निदान सांगा तरी!

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे. नातवाच्या नादाने मी या वयात नोड.जेएस शिकलो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यातलं 'प्रॉमिस' म्हणजे पुढे मिळणाऱ्या उत्तराचं वचन. ते एक तर पुरं होतं, नाहीतर नाकारलं जातं. नाकारलं तर काय करायचं, ते आपण 'कॅच'मध्ये लिहायचं. नाहीच लिहिलं तर?

पूर्वी असं नाकारलेलं वचन मुकाट्याने विरून जायचं. २०१६ साली ६.६ आवृत्तीपासून इशारा छापला जाऊ लागला. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या १५ व्या आवृत्तीपासून मात्र, कुणी दखल न घेतलेलं एक नकार आला की अख्खा प्रोग्राम बंद पडतो.

नातू म्हणतो, "आजोबा, एक मेल गेलं नाही म्हणून सगळा सर्व्हर झोपवायचा?"

मला मात्र नोडवाल्यांचंच पटतं. कारण सांगतो.

आमच्या छोट्याशा शिष्यवृत्तीची मुलाखतपत्रं पाठवायला मी एक प्रोग्राम लिहिला. तो सारखा बंद पडे. वैतागून मी कॅच लावला आणि आतली जागा रिकामीच ठेवली. झालं! प्रोग्राम शेवटपर्यंत धावला, "सर्व पत्रे पाठवली" असं दाखवू लागला. मी खूश. मुलाखती झाल्यावर एका मुलीचे वडील दारात उभे. "गुरुजी, आमच्या पोरीला का वगळलंत?" तिच्या पत्त्यातलं ॲट चिन्ह माझ्याकडूनच राहिलं होतं. प्रोग्राम तेच तर ओरडून सांगत होता, आणि मी त्याचं तोंड दाबलं होतं. तिची मुलाखत आम्ही पुन्हा घेतली, पण त्या माणसाचा चेहरा काही विसरत नाही.

नातवाचंही खरं आहे, एका पत्रासाठी बाकीची अडू नयेत. त्यासाठी 'प्रॉमिस.ऑल' न वापरता 'ऑलसेटल्ड' वापरावं. पहिल्या नकाराला हात न टेकता ते प्रत्येकाचा निकाल हातात देतं. मग कुणाचं पत्र अडलं, का अडलं, याची नोंद करायची. पुन्हा पाठवता येत असेल तर पाठवायचं. आणि ज्याचं काय करायचं ते आपल्याला कळत नाही, ती चूक वर जाऊ द्यायची. प्रोग्राम बंद पडला तर पडू दे, पुन्हा सुरू करता येतो.

वर्गात "गृहपाठ नाही केला" म्हणून उभ्या राहणाऱ्या पोराचं काहीतरी करता यायचं. मागच्या बाकावर गप्प बसलेल्याचं थेट निकालातच कळायचं.

असो. तुमच्या प्रोग्राममध्ये रिकामे कॅच किती आहेत, बघा बरं एकदा.