आधी त्याला घर पाहू द्या

घरात नवा पक्षी आला की पहिल्या दिवशी त्याला भेटायला अख्खी गल्ली येते. मुले पिंजऱ्याला चिकटतात, कोणी तारेवर टकटक करते, कोणी शीळ घालते, आणि घरातला धाकटा ‘हातात घेऊनच पाहणार’ म्हणून हटून बसतो. संध्याकाळपर्यंत पक्षी पिसे अंगाशी आवळून कोपऱ्यात बसलेला असतो. ‘किती शांत आहे बघा,’ असे कौतुकही होते. तो शांत नसतो, भ्यालेला असतो. जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम वजनाच्या या जिवाच्या दृष्टीने आजूबाजूचे प्रत्येक मोठे डोके हा शिकारीच असतो.

दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून जे हिरवे, निळे, पिवळे पक्षी मिळतात ते बहुतेक वेळा बजरीगर, म्हणजे बजी असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, बजी ऑस्ट्रेलियाचा. जॉन गोल्ड या पक्षीतज्ज्ञाने १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तेव्हापासून पिंजऱ्यातच त्यांच्या पिढ्यानपिढ्या वाढत आल्या. आपला हिरवा राघू वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, तो पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. बजीला ती अडचण नाही. पण पुण्य लागेल म्हणून त्याला आभाळात सोडून देण्यात मात्र काही पुण्य नाही. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याला ना अन्न शोधता येते, ना शिकऱ्याला चुकवता येते.

बजी आणल्यावर पहिला पंधरवडा त्याच्यासाठी फार काही करायचे नसते, आणि नेमके हेच आपल्याला जमत नाही. ढाणकीच्या एखाद्या घरात तो नांदेडहून किंवा पुसदहून आणला, तर पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून, हिंदकळत येतो. सकाळपर्यंत तो थव्यात होता, रात्री एकटा. अशा वेळी पिंजरा आधीच मांडून ठेवावा, दाणा-पाणी भरून ठेवावे, खोक्याचे तोंड पिंजऱ्याच्या दाराशी लावावे आणि त्याला आपण होऊन आत जाऊ द्यावे. पिंजरा भिंतीला लागून असावा, म्हणजे एका बाजूने तरी धास्ती नको. उंची माणसाच्या छातीएवढी. राघूसाठी पूर्वी पडवीत टांगत तसा टांगू नये. मांजर तिथे पोचतेच. शिवाय तो जुना गोल पिंजराही बजीच्या कामाचा नाही. बजी आडवा उडतो, त्याला उंचीपेक्षा रुंदी हवी.

पहिले दोन-तीन दिवस घरातल्यांनी आपापली कामे त्याच्या नजरेसमोर, पण त्याच्याकडे न पाहता करावीत. भाजी निवडावी, अभ्यास करावा, हळू आवाजात बोलावे. तो खाऊ लागला, पिसे साफ करू लागला, एका पायावर उभा राहून चोच चावल्यासारखी करत डुलक्या घेऊ लागला, की समजावे, घर त्याला पटत चालले आहे. मग पिंजऱ्यात हात जाऊ द्यावा, तोही तळहातावर चार दाणे ठेवून आणि न हलवता. कोणाचा बजी आठ दिवसांत हातावर येतो, कोणाचा महिना घेतो. पकडून माणसाळवता येते, असे सांगणारे विक्रेते भेटतात. पकडलेला पक्षी एवढेच शिकतो की हात आला म्हणजे धोका आला.

या पंधरवड्यात उपाशी मरणारे बजी बहुधा भरल्या वाटीसमोर मरतात. बजी दाणा सोलून खातो आणि टरफले तिथेच टाकतो. वाटी वरून भरलेली दिसते, खाली एकही दाणा नसतो. रोज सकाळी फुंकर मारून पाहायला अर्धा मिनिट लागतो. एवढ्या लहान पक्ष्याने दिवसभर काहीच खाल्ले नाही, तर ती तातडीची बाब असते. दुकानदार ज्याला कांगणी म्हणतो ते म्हणजे आपले राळे. तो आणि बाजरी हा त्याचा मुख्य आहार, सोबत धुतलेली मेथी, पालक, कोथिंबीर, गाजराचा कीस. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस पिंजऱ्याला बांधावा. चॉकलेट, कांदा, चहा आणि अॅव्होकॅडो मात्र बिलकूल नको.

शहरातल्या पुस्तकांत न सापडणारा धोका इथून सुरू होतो. ढाणकीच्या परिसरातल्या शेतकऱ्याच्या घरात बियाण्याची उरलेली पिशवी असणे काही नवलाचे नाही. पेरणीच्या बाजरीला किंवा ज्वारीला लाल, गुलाबी किंवा निळसर रंग चढवलेला असतो, कारण तिला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेले असते. ‘बाजरीच तर आहे’ म्हणून ती मूठभर वाटीत गेली, तर पक्षी गेलाच म्हणायचा. धुऊनही ती चालत नाही. धान्याच्या कोठीत कीड लागू नये म्हणून विषारी गोळ्या ठेवल्या असतील, तर त्या खोलीत पिंजरा नकोच. आणि खरे म्हणजे त्या खोलीत माणसांनीही झोपू नये.

फवारणीचेही तसेच. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्या विषाचा अंगावर, कपड्यांवर राहिलेला अंश धडधाकट माणसाला जाणवणार नाही कदाचित. चाळीस ग्रॅमच्या पक्ष्याची गोष्ट वेगळी. फवारणीहून आलेल्या माणसाने आंघोळ करून, कपडे बाहेर टाकूनच पिंजऱ्याजवळ जावे. पंप, डबे आणि पिंजरा एका छपराखाली नसावेत. बांधावरचा हिरवा पाला उपटून आणण्याआधी शेजारच्या शेतात काय फवारले होते, हे विचारावे. बसण्यासाठी कडुनिंबाची किंवा पेरूची फांदी उत्तम, तीही फवारा न लागलेली आणि धुतलेली. दुकानातल्या एकाच जाडीच्या गुळगुळीत काठीवर सतत बसून पायाला जखमा होतात.

हवा हा पक्ष्याचा सगळ्यात नाजूक विषय. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्यांची जोड असते आणि श्वास आत घेताना व सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा फुप्फुसातून जाते. उडण्यासाठी ही सोय अफाट आहे, पण विषारी वायूही तितक्याच झपाट्याने रक्तात उतरतो. म्हणूनच जॉन हॉल्डेन या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून ब्रिटनच्या कोळसा खाणींत कॅनरी पक्षी नेले जात. ती प्रथा थेट १९८६ पर्यंत चालली. आपण मात्र बजीचा पिंजरा स्वयंपाकघरात ठेवतो, कारण आई तिथे असते आणि पक्ष्याला सोबत होते. हेतू चांगला, जागा चुकीची. नॉनस्टिक तवा कोरडाच गॅसवर राहून फार तापला, तर त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो, माणसाला फारसे काही कळतही नाही. चुलीचा धूर, मिरचीची फोडणी, धूप, डास पळवणारी कॉइल हे सगळे त्याच यादीतले. देवघरही पिंजऱ्याची जागा नव्हे. डासांसाठी खिडकीला जाळी आणि रात्री पिंजऱ्यावर मच्छरदाणीचे कापड, एवढे पुरते.

उन्हाचे काय, हा प्रश्न विदर्भात आधी येतो. बजी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, तापलेल्या प्रदेशातला, त्यामुळे त्याला आपला मे महिना सोसेल, असे सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. रानातला बजी तापले की सावलीला जातो, पाण्यासाठी मैलोन् मैल उडतो. पिंजऱ्यातल्याला हात-दीड हात जागा. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे, ही त्याची हाक असते. टिनाच्या खोलीत दुपारी पिंजरा ठेवू नये, पाणी दोनदा बदलावे, आंघोळीला उथळ बशी द्यावी. कूलर चालेल, पण त्याचा ओला झोत थेट पिंजऱ्यावर नको. आणि वीज गेली की माणसे ओसरीत येऊन बसतात, पिंजरा आतच राहतो. तो सोबत उचलावा.

आजार पक्षी लपवतो, कारण थव्यातला अशक्त पक्षी आधी हेरला जातो. तो दिवसभर फुगून बसला, पिंजऱ्याच्या तळाशी उतरला, श्वासागणिक शेपटी हलू लागली, तर आजार कालचा नसतो, बऱ्याच दिवसांचा असतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचे मुख्य काम गाय, बैल, शेळी यांचे. पक्ष्यांचे विशेष उपचार हवेत तर परभणी किंवा नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडे पाहावे लागते, आणि ढाणकीहून नागपूर दोनशे किलोमीटरहून लांब. पक्षी आणण्याआधीच जवळच्या पशुवैद्यकांना ‘बजी पाहाल का?’ एवढे विचारून ठेवणारे घर विरळा, पण शहाणे. परसात कोंबड्या असतील तर पिंजरा, भांडी, झाडू सगळे वेगळे ठेवावे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या, ते गाव इथून फार दूर नाही.

माणसांच्या बाजूने एकच आजार ठाऊक असावा: सिटाकोसिस. पोपटवर्गीय पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून तो फुप्फुसात जातो. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला अशी लक्षणे, म्हणजे साध्या फ्लूसारखीच. प्रतिजैविकाने तो बरा होतो, पण डॉक्टरांना घरात पक्षी आहे हे कळले पाहिजे. पिंजऱ्याचा कागद रोज बदलावा, वाळलेली घाण कोरडी न खरवडता आधी ओली करावी, आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

पंधरवडा झाला, पक्षी हातावर दाणे खाऊ लागला, की त्याला खोलीत मोकळे सोडण्याची घाई सुरू होते. पंख छाटून द्या, असे विक्रेत्याला सांगू नये. छाटलेला पक्षी उडायचा तर प्रयत्न करतोच, फक्त मांजरापासून वाचत नाही. दारे-खिडक्या लावाव्यात, आरशावर टॉवेल टाकावा, बादली आणि माठ झाकावेत. आणि छताचा पंखा बंद करून त्याची पाती पुरती थांबेपर्यंत पिंजऱ्याचे दार उघडू नये. ते बटण दाबायची जबाबदारी घरातल्या एकाच माणसावर असावी, आणि तो माणूस धाकटा नसावा.