अडीच की दोन पूर्णांक पाच?

पुढील वाक्य मोठ्याने वाचा पाहू : ‘दि. ५/८ पासून बाळाला २.५ मि.लि. औषध द्यावे, बाटलीची किंमत रु. १५०.’

तुम्ही ते न अडखळता वाचले असेल. दिनांक पाच ऑगस्टपासून बाळाला अडीच मिलिलिटर औषध द्यावे. बाटलीची किंमत दीडशे रुपये. आता कागदाकडे पुन्हा पाहा. ‘ऑगस्ट’ हा शब्द तेथे कोठेच नाही. ‘अडीच’ नाही, ‘दीडशे’ही नाही. ‘रु.’ आकड्याच्या आधी छापला आहे. तुम्ही मात्र तो आकड्यानंतर उच्चारला. ‘मि.लि.’मधील टिंबे पूर्णविराम नव्हेत, हेही तुम्ही न सांगता ओळखले. म्हणजे वाक्याचा बराचसा भाग तुम्ही पदरचा घातला आणि तसे करताना तो तुमच्या ध्यानातही आला नाही.

छापील मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या संगणकापुढे नेमकी हीच अडचण असते. ‘५/८’ म्हणजे तारीख, अपूर्णांक की घराचा क्रमांक? त्याने ‘पाच अष्टमांश’ म्हटले तर आपण हसून सोडून देऊ. परंतु २.५ मधील दशांशचिन्ह त्याने पूर्णविराम समजून गाळले आणि ‘पंचवीस’ म्हटले, तर ते हसण्यावारी नेता येणार नाही. ज्याला डोळ्यांनी दिसते तो कागद पडताळून पाहील. ज्याला दिसत नाही आणि जो यंत्राच्या आवाजावरच विसंबून अभ्यास करतो, पत्रे वाचतो, औषध घेतो, त्याने काय करावे?

माणसाला बोलणारे यंत्र घडवण्याची हौस फार जुनी आहे. वोल्फगांग फॉन केम्पेलेन याने भाता, पट्टी व चामड्याची नळी वापरून असे यंत्र तयार केले आणि १७९१ साली त्यावर पुस्तक लिहिले. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात होमर डडली यांचा ‘व्होडर’ बोलून दाखवत असे. पण या दोन्ही यंत्रांजवळ माणूस बसलेला असे व काय बोलायचे, कोठे थांबायचे हे तोच ठरवी. १९६१ साली बेल प्रयोगशाळेतील संगणकाने गाणे म्हटले, तेव्हाही सूर माणसानेच पुरवले होते. पुढे संगणक स्वतःच मजकूर वाचू लागला आणि त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. त्या खुर्चीवरच्या माणसाचे ज्ञान आता कोठे ठेवायचे?

उत्तर सोपे आहे : मजकुरातच, खुणांच्या रूपाने. ही कल्पना आपल्याला परकी नाही. ऋग्वेदाच्या छापील पोथीत अक्षराखाली आडवी रेघ दिसली की तो अनुदात्त आणि डोक्यावर उभी रेघ दिसली की तो स्वरित. या रेघा उच्चारायच्या नसतात; उच्चार कसा करायचा ते त्या सांगतात. छापखान्यातही संपादक हस्तलिखितावर ‘हे ठळक’, ‘हे मधोमध’ अशा खुणा करी आणि त्या पाहून कंपोझिटर खिळे जुळवी. या खुणा करण्याला इंग्रजीत मार्कअप म्हणत. तोच शब्द संगणकाच्या जगात आला.

तो कसा आला, हेही समजून घेण्यासारखे आहे. १९६९ साली आयबीएम कंपनीत गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी हे तिघे वकिलांच्या कचेऱ्यांसाठी संगणकव्यवस्था उभारत होते. मजकूर दुरुस्त करणारा प्रोग्रॅम एक, शोधणारा दुसरा, छापणारा तिसरा. आणि एकाचे कागद दुसऱ्याला कळत नसत. तेव्हा त्यांनी ठरवले, की ‘हे मोठ्या अक्षरात छाप’ असे न लिहिता ‘हे शीर्षक आहे’ असे लिहावे. शीर्षकाचे काय करायचे ते ज्याचे त्याने पाहावे. या पद्धतीला जीएमएल असे नाव मिळाले, आणि त्यात तिघांच्या आडनावांची आद्याक्षरेही आली! तिच्यातूनच १९८६ साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आणि १९९८ साली एक्सएमएल निर्माण झाले. निरनिराळ्या कंपन्यांचे, बँकांचे व कारखान्यांचे संगणक एकमेकांशी व्यवहार करू शकले, त्यात अशा समाईक खुणांचा वाटा मोठा आहे.

वाचनासाठीच्या खुणांची भाषा म्हणजे एसएसएमएल. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने ती २००४ साली मान्य केली. तिची रचना कठीण नाही. कोनी कंसात खुणेचे नाव लिहायचे. त्याला टॅग म्हणतात. ‘ब्रेक’ या टॅगने यंत्राला थांबवता येते. हवे तर नेमके ५०० मिलिसेकंद. ‘एम्फसिस’ने शब्दावर जोर देता येतो. ‘मी आज शाळेत जाणार’ या वाक्यात ‘मी’वर जोर दिला तर एक अर्थ, ‘आज’वर दिला तर दुसरा, हे तुम्ही म्हणून पाहा. ‘प्रोझडी’ने आवाजाची पट्टी, गती व मोठेपणा बदलतो. ‘सब’ सांगतो, की लिहिले आहे ‘रु. १५०’, पण वाच ‘दीडशे रुपये’. आणि ‘से-अ‍ॅज’ सांगतो, की हा आकडा तारीख आहे, संख्या आहे की एकेक अंक सुटा वाचायचा आहे.

यावर कोणी म्हणेल, आता या खटाटोपाची गरज काय? २०१६ साली डीपमाइंडने ‘वेव्हनेट’ पुढे आणले, आणि त्यानंतरची यंत्रे असंख्य तासांचे बोलणे ऐकून चढउतार आपोआप शिकतात. मग खुणा कशाला? आक्षेप निराधार नाही. साध्या गोष्टीच्या वाचनात ही यंत्रे खुणांवाचूनही छान वाचतात. परंतु त्यांचे वाचन हा शेवटी अंदाज असतो. आवाज गोड झाला म्हणून अंदाज खरा ठरत नाही. उलट गोड आवाजातील चूक ओळखणे अधिक कठीण. ‘५/८’ ही तारीख आहे हे लिहिणाऱ्याला निश्चित ठाऊक असते. मग त्याने ते सांगून का टाकू नये? जेथे चुकीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, तेथे लिहिणाऱ्याने अर्थ उघड करून ठेवणे हे माझ्या मते सौजन्य नव्हे, कर्तव्य आहे.

मात्र एसएसएमएलमध्येही एक मोठी उणीव राहिली. ‘से-अ‍ॅज’ हा टॅग मान्य झाला, पण त्यात कोणते शब्द वापरायचे हे मूळ मानकाने पक्के केले नाही. त्यामुळे एका कंपनीच्या यंत्राला समजणारी खूण दुसरीच्या यंत्राला समजेलच असे नाही. रूळ सर्वत्र सारखे टाकले आणि फाटकांच्या किल्ल्या मात्र ज्याच्या त्याच्याकडे ठेवल्या, असे हे झाले.

भाषांचा प्रश्नही असाच. चिनी किंवा थाई लिपीत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, म्हणून शब्द कोठे संपतो हे सांगणारी खूण लागते. असे प्रश्न गोळा करण्यासाठी बीजिंग, क्रीट आणि २००७ साली आपल्या हैदराबादेत सभा झाल्या, आणि २०१० साली सुधारित मानक निघाले.

आपल्या मराठीचे प्रश्नही थोडे नाहीत. ‘चार आंबे’ यातला ‘चार’ आणि ‘गायीला चारा चार’ यातला ‘चार’ लिहायला सारखे, उच्चारात वेगळे. ‘जरा थांब’ मधील ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ यांतही तोच भेद. लिपी हा भेद दाखवत नाही. ‘फोनीम’ या टॅगने तो आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत दाखवता येतो. म्हणजे साधन आहे. पण कोणत्या शब्दात ‘च’ कसा, कोठे ‘अडीच’ म्हणावे आणि कोठे ‘दोन पूर्णांक पाच’, याची यादी परदेशी अभियंत्याने करावी, ही अपेक्षा चूक आहे. ती मराठी बोलणाऱ्यांनीच करायला हवी, आणि कोणत्याही कंपनीच्या कुलपात न ठेवता सर्वांसाठी खुली ठेवायला हवी.

हे काम तुमच्यापैकी कोणालाही सुरू करता येईल. विज्ञानाच्या पुस्तकाचे एक पान घ्या. त्यातील आकडे, सूत्रे, संक्षेप आणि दोन उच्चारांचे शब्द यांवर पेन्सिलीने खुणा करा. मग डोळे मिटून बसलेल्या मित्राला ते पान तुमच्या खुणांप्रमाणेच वाचून दाखवा. तो जेथे ‘म्हणजे काय?’ असे विचारील, तेथे एक खूण कमी पडली असे समजा.