झेरॉक्सच्या गठ्ठ्याला वाली कोण?

ओटीपी कोणाला सांगू नका, हा सल्ला योग्यच. पण तो सगळा भार नागरिकावर टाकतो. फोनवरचा भामटा आपले नाव, पत्ता, बँकेची शाखा बिनचूक सांगतो, म्हणून तर माणूस गाफील राहतो. ही माहिती त्याला मिळते कुठून? एक वाट उघड आहे. लॉज, भाडेकराराचा एजंट, सोसायटीचे कार्यालय, जिथे तिथे आपण आधारची झेरॉक्स देतो. ती पुढे कुठल्या रद्दीत जाते, हे कोणी विचारत नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने अशा प्रती देऊ नका, फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे ‘मास्क्ड आधार’ द्या, असे सुचवले होते. गैरसमज होईल म्हणून सरकारने दोनच दिवसांत ते निवेदन मागे घेतले! सल्ला मात्र शहाणपणाचा होता.

ओळख न तपासता खोली कशी द्यायची, असे लॉजमालक विचारतील. तपासा की, पण ओळखपत्र पाहणे वेगळे आणि त्याची प्रत वर्षानुवर्षे कपाटात ठेवणे वेगळे. लोक हावरटपणाने फसतात, हेही अर्धेच खरे, कारण धाक दाखवूनही लुटले जाते आणि तो धाक नेमक्या तपशिलांमुळेच खरा वाटतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण तो डिजिटल माहितीपुरता. कागदी गठ्ठा स्कॅन होत नाही तोवर त्याच्या कक्षेबाहेरच. प्रत किती दिवसांत नष्ट करायची, याची सक्ती आधी या गठ्ठ्यांवर हवी.