बर्फातली वाफ आणि पाटोद्याचा हिवाळा

शिमला–कैथलीघाट मार्गावर बर्फातून धावणाऱ्या वाफेच्या इंजिनाच्या सहलीत पर्यटक गतकाळ शोधतात. तो गतकाळ पाटोद्याच्या वाट्याला आलाच नाही.

त्याच रुंदीचे अरुंद रूळ १८९७ मध्ये दक्षिणेकडील बार्शीला पोहोचले. बीड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, परळीला, निजामकाळात रेल्वे आली. पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यातील ऊसतोड मजूर मात्र थंडीच्या तोंडावर बैलगाडीने, पुढे ट्रकने निघत राहिला.

अहमदनगर–बीड–परळी मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. त्याच वर्षी देशातील ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची सेवा संपली. बीड शहरात प्रवासी गाडी अवतरली १७ सप्टेंबर २०२५ रोजी.

जपलेल्या इंजिनांइतकाच न पोहोचलेल्या रुळांचाही इतिहास लिहिला गेला पाहिजे. मागासलेपण नशिबाने येत नाही, हे त्यातूनच उमगते.