मूर्खास उत्तर द्यावें कीं न द्यावें?

नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायांतील चौथ्या व पांचव्या वचनांनीं कित्येक वाचक बुचकळ्यांत पडतात. पहिलें वचन मूर्खाशीं त्याच्याच रीतीनें बोलूं नये म्हणून बजावतें, कारण तेणेंकरून आपणही त्याच्या पंक्तीस जाऊन बसतों. दुसरें तर त्यास उत्तर द्यावेंच म्हणतें, नाहीं तर तो स्वतःस शहाणा समजेल. आमच्या मतें यांत विरोध नाहीं. प्रसंग पारखण्याचें काम आपणांवर सोपविलें आहे, इतकेंच.

आठवड्याच्या बाजारांत कोणी आपल्या कुळाची टवाळी केली, तर दुखावतो तो आपला अभिमान. गप्प राहिल्यानें कोणाचें कांहीं बुडत नाहीं. परंतु शेतांत साप चावलेल्या मुलास मांत्रिकाकडे न्या, असें कोणी सांगूं लागला, तर तेथें मौन म्हणजे निव्वळ भित्रेपणा होय. सर्पविषावरील लस दवाखान्यांत मिळते, देवळाच्या पारावर नव्हे. तेथें स्पष्ट बोलावें, आणि बोलतां बोलतां गाडी काढावी. असा सल्ला देणारा पुष्कळदां शिकलेलाही असतो! समर्थांनीं दासबोधांत मूर्खलक्षणें सांगून झाल्यावर पढतमूर्खासाठीं निराळा समास लिहिला, तो उगीच नव्हे. शलमोनाच्या सूत्रांतही आपणांस शहाणा मानणाऱ्यापेक्षां साध्या मूर्खाविषयीं अधिक आशा धरिली आहे.

तथापि मूर्ख म्हणावें कोणास? डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें भावास मूर्ख म्हणणाऱ्यास कडक इशारा दिला आहे. मूर्खांविषयींचीं सर्व सूत्रें त्याच्या शेजारीं ठेवून वाचावींत. गणित चुकणारा मुलगा कच्चा असतो, मूर्ख नव्हे. हें पालकांच्या, आणि खरें सांगावयाचें तर शिक्षकांच्याही, ध्यानांत राहत नाहीं. नीतिसूत्रांतील मूर्ख उखळांत घालून कांडला तरी सुधारत नाहीं. कच्च्या मडक्यास मात्र थापटणें आणि आवा पुरतो. आपल्या जिल्ह्यांतील तेरच्या गोरोबाकाकांची कथा सर्वश्रुत आहे. मुक्ताबाईंच्या सूचनेवरून त्यांनीं संतमंडळींचीं मस्तकें थापटण्यानें पारखलीं. नामदेव तेवढे रागावले, आणि भरसभेंत कच्चे ठरले. तो शब्द त्यांस झोंबला. परंतु पुढें त्यांनीं विसोबा खेचरांस गुरु केलें, असें परंपरा सांगते. आणि त्याच नामदेवांचीं 61 पदें आज शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत आहेत.